मांडूचे नकटेसाहेब

आमच्या घरमालकांना "छान" हा शब्द चालत नसे. आई कधी कटाची आमटी घेऊन त्यांच्या ओट्यावर जायची. त्यांनी पहिला भुरका घेतला की ती सवयीनं विचारायची, "छान झालीय ना?" आणि ते वाटी खाली ठेवत.

"वहिनी, छान फोटो असतो. आमटी कशी झालीय ते सांगा. आधी काय येतं? मागून काय येतं?"

आई सुरुवातीला बावचळायची. माणसं आमटी खातात, तिची चौकशी करत नाहीत, असं तिचं म्हणणं. पण वर्षभरात ती स्वयंपाक करतानाच उत्तर जुळवायला लागली. मी भांडी विसळत असायची आणि ही कढईशी पुटपुटायची, "आधी चिंच... मग खोबरं भाजलेलं... दालचिनी अगदी शेवटी, कोपऱ्यात उभी."

काकांना वास येत नसे. अजिबात. सगळे त्यांना काकाच म्हणत, मीही तेच म्हणते. ते मिलच्या रंगखात्यात होते. प्रयोगशाळेत बसून कापडाची शेड नमुन्याशी जुळते की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. तिथल्या वाफांमध्ये नाक हळूहळू गेलं. ते गेल्याचं त्यांना कळलं ते घरात दूध करपून काळा धूर झाला, बायको शेजारून धावत आली, आणि हे शेगडीजवळच्याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते, तेव्हा. पुढे बायकोही गेली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या त्या बैठ्या घरात काका एकटे राहिले.

"मिलनं सगळ्यांचंच काही ना काही ठेवून घेतलंय भिया," ते इंदुरी थाटात म्हणत. "कुणाचे कान, कुणाची फुप्फुसं. माझं नाक घेतलं. अपन तो सस्ते में छूटे."

जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळायचं. बाकी सगळं गेलं होतं. "डोळे मिटून कांदा खाल्ला काय नि सफरचंद खाल्लं काय, मला नुसतं करकर ऐकू येतं," असं ते एकदा म्हणाले. सांगताना हसत होते, म्हणून मीही हसले.

घराच्या मागच्या दोन खोल्या ते भाड्यानं देत. भाडेकरूला जात, गाव, पगार असलं काही विचारत नसत. दारातच झाकलेली वाटी पुढे करत, झाकण जरा किलकिलं करत आणि विचारत, "काय आहे?" एका बँकेतल्या गृहस्थांना त्यांनी परत पाठवलं, कारण ते सर्दीनं शिंकत होते. आम्ही गेलो तेव्हा वाटी बाबांच्या नाकाखाली आली. बाबा मिलमधून थेट आले होते, डोक्यात कापसाचे तंतू तसेच. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "हिंगाची फोडणी. पण तेल फार तापलं होतं. हिंग जळलाय."

"सामान कधी आणताय?" काका म्हणाले.

रोज संध्याकाळी मला हाक यायची, "जरा नाक घेऊन ये गं!" की मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या शेगडीपाशी हुंगून यायची. "काही नाही काका." "नक्की?" "नक्की." मग ते चहा ठेवत आणि त्यातला अर्धा कप मला मिळे. अंगात नेहमी मिलच्या नापास कापडाचा शर्ट असायचा. कॉलर एका निळ्याची, बाह्या दुसऱ्या निळ्याच्या. आम्हाला फरक दिसायचा नाही. ते उन्हात हात धरून दाखवायचे, "बघ, ही बाही जरा रुसलीय."

आणि मांडू. इंदूरची माणसं मांडूला जातात ती पावसाळ्यात, ढग बघायला. काका जायचे चैत्रात, भर उन्हात, आणि दुसऱ्यांदा सीताफळांच्या दिवसांत. महाल, तलाव, राजाराणीची गोष्ट, यातलं त्यांना काहीच बघायचं नसे. ते जेवायला जायचे. डोंगरमाथ्यावरचं ते गाव त्यांच्या दृष्टीनं एक मोठं स्वयंपाकघर होतं आणि पडके महाल ही त्याच्या अंगणातली अडगळ. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात ते बायकोला घेऊन तिथं गेले होते. केसरबाई नावाच्या एका भिलाला आदिवासी बाईच्या अंगणात दोघं जेवले होते. तेव्हा नाक शाबूत होतं. त्या जेवणाबद्दल विचारलं तर मात्र ते सांगत नसत. "आठवतंय ते खरं आठवतंय की मी रचलंय, कळत नाही. म्हणून दुसऱ्याला विचारतो."

पुढे मिल बंद झाली. एकदम नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी गेटला कुलूप. बाबा लूमखात्यात जॉबर होते, म्हणजे अडलेला माग पुन्हा चालता करणारा माणूस. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. मीठ मागितलं तरी गल्लीला ऐकू जायचं. तो आवाजच बंद झाला. ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचे. ताटावर बसले तरी दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. आई त्यांच्या आवडीचं काय काय करायची. "बरं आहे," म्हणायचे, आणि उठायचे.

आईच्या मनात एक भीती होती. बाबांच्या बरोबरीच्या दोन जॉबरांनी गेट बंद झाल्यापासून दारू जवळ केली होती. एकाची बायको आमच्याकडे येऊन पदर डोळ्यांना लावून बसायची. ती गेली की आई बाबांच्या पाठीकडे बघत राहायची.

काकांचीही नोकरी त्याच दिवशी गेली होती. त्या दिवशी ते घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाले, "चला, आता रोज गरम जेवू." त्यापलीकडे त्यांनी तो विषय काढला नाही. पण बाबांचं ताट सरकवणं त्यांना खिडकीतून दिसत असावं. एका सकाळी ते थेट बाबांच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले.

"भिया, रविवारी मांडूला चलायचं. सगळ्यांनी."

बाबा भिंतीकडेच बघत राहिले.

"अहो, ह्यांना कशाची इच्छाच नाहीये," आई म्हणाली.

"इच्छा कोण मागतंय वहिनी? मी नाक मागतोय." मग बाबांकडे वळून, "दर वर्षी जातो, खातो, आणि मला अर्धंच जेवण मिळतं. उरलेलं अर्धं तुमच्या नाकात जाईल. ते मला सांगा. बस्स. फिरायला नाही, कामाला बोलावतोय."

कामाला हा शब्द ऐकून बाबा उठून बसले, असं आई पुढे सांगायची. मला वाटतं, काकांना नाही म्हणणं जास्त कष्टाचं होतं म्हणून ते उठले.

धारला बस बदलून आम्ही मांडूला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडत बस वर चढली. मला महाल बघायचे होते. काका म्हणाले, "इमारती कुठं पळत नाहीत. पानिये थंड होतात." आणि गावाच्या शेवटाकडे भराभरा चालायला लागले, जिथून डोंगर एकदम खाली निमाडात उतरतो.

केसरबाईचं घर त्या उतरणीवरच होतं. मातीचं, बुटकं, पुढे सारवलेलं अंगण. अंगणभर मोहाची फुलं सुकत घातली होती. मोह म्हणजे तिकडचा महुआ. केसरबाई साठीची असेल. चांदीच्या कड्यांनी हात भरलेले. काकांना बघून ती तिथूनच ओरडली, "आ गयो नकटो!"

"आ गयो," काका खुशीत म्हणाले. "और आज नाक साथ लायो हूँ."

तिनं बाबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "यो नाक तो मांदो दिखे," ती म्हणाली. मांदो म्हणजे आजारी. बाबांना ते कळलं, पण ते हसले नाहीत.

पानिये म्हणजे मक्याच्या पिठाच्या जाड पोळ्या. पळसाच्या पानांत दाबायच्या आणि गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायच्या. पानं काळी पडली की काढायचं, राख झटकायची, पान सोलायचं. आत पानाच्या शिरा पोळीवर उमटलेल्या असतात. आई केसरबाईच्या शेजारी उकिडवी बसली आणि पानाची कुठली बाजू आत घ्यायची ते तिनं विचारून घेतलं. एकीचं मराठी, दुसरीचं निमाडी, पण पिठावरून दोघींचं भांडणसुद्धा झालं. आईचं म्हणणं पीठ सैल आहे, केसरबाईचं म्हणणं असंच पाहिजे. बऱ्याच महिन्यांनी आई कुणाशी तरी मनापासून भांडत होती.

काकांनी पानियाचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात टाकला आणि बाबांकडे बघितलं. "हं. सांगा."

"बरं आहे," बाबा म्हणाले.

"बरं?" काका जवळजवळ किंचाळले. "बरं ताप उतरल्यावर म्हणतात! इतक्या लांब मी बरं ऐकायला आलोय? परत घ्या. आधी हुंगा."

बाबांनी हुंगलं. पुन्हा "धुराचा वास आहे" एवढंच म्हणाले. काकांनी मान हलवली, शेतकऱ्यानं कोरड्या विहिरीकडे बघावं तसं बघितलं, आणि केसरबाईला खूण केली. ती आत गेली आणि पानाच्या द्रोणात महुआ, म्हणजे मोहाची दारू, घेऊन आली. घरी गाळलेला, पाण्यासारखा स्वच्छ.

आईचा चेहरा उतरला. ती उठून उभी राहिली. "काका, हा रस्ता दाखवायला आणलंत होय ह्यांना?"

काका पहिल्यांदाच चेष्टा सोडून बोलले.

"वहिनी, दुःख बुडवायला पितो ना, त्याला चव नको असते. तो नाक दाबून पितो. मी ह्यांना दाबलेलं नाक उघडायला सांगतोय. एक द्रोण. तोही सांगितल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. आणि दुसरा मागितला तर मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहीन."

आई बसली नाही. दरीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी द्रोण दोन्ही हातांत धरला. खूप वेळ नुसता नाकाशी धरून ठेवला. काका पुढे झुकले होते. मला वाटलं, आता बाबा द्रोण खाली ठेवतील आणि परत "बरं आहे" म्हणतील.

"साइझिंग खातं," बाबा म्हणाले.

"काय?"

"सकाळच्या पाळीला साइझिंग खात्यावरून जायचो. सुताला खळ चढवतात तिथं. गरम खळीचा वास यायचा. आंबूस, उबदार. तसा येतोय. अगदी तसा." बाबांनी पुन्हा हुंगलं. "नाही, तेवढाच नाही. त्याच्या मागं गोड आहे. मनुका भिजत घालून विसरल्या तर येतो तसा. आणि आणखी मागं... धुतलेलं घोंगडं उन्हात घातल्यावर येतो ना..."

त्यांचा आवाज चढायला लागला होता. पहिल्यासारखा, मागांच्या खडखडाटावरून ऐकू जाईल असा. ते साइझिंग खात्यातल्या वाफेबद्दल सांगायला लागले, मग लूमखात्यातल्या तेलाच्या वासाबद्दल, पावसाळ्यात ओल्या कापसाच्या वासाबद्दल, पाळी सुटताना गेटबाहेरच्या कचोरीच्या कढईबद्दल. कुठल्या मागाला जळक्या पट्ट्याचा वास आला की तो पुढच्या घटकेला अडणार हे कसं कळायचं, ते सांगितलं. महुआ पिण्याचं ते विसरूनच गेले होते. काकांनी डोळे मिटले होते, आणि बाबा एकेक वास सांगत तसे त्यांचे ओठ जरासे हलत होते, जणू ते चावत होते.

मग बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, उरलेला द्रोण काकांच्या हातात दिला आणि केसरबाईला म्हणाले, "पानिया और है क्या?"

आईनं तेव्हा दरीकडचं तोंड वळवलं. तिनं स्वतः विस्तवातून पानिया काढला, सोलला आणि त्यांच्या ताटात वाढला. त्यांनी तो पुरा खाल्ला, आणि त्यावर आणखी एक. परतीच्या बसमध्ये आई बाबांच्या खांद्याला डोकं टेकून झोपली होती. मी महाल बघितलेच नव्हते, हे मला घरी आल्यावर आठवलं.

त्यानंतर काका आणि बाबा वरचेवर मांडूला जायला लागले. पिथमपूरला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. एकीकडे आमच्या मिलच्या चिमण्या थंड पडत होत्या आणि दुसरीकडे बसच्या खिडकीतून पिथमपूरच्या नव्या पत्र्याच्या शेड चमकताना दिसायच्या. त्या कारखान्यांतली माणसं आमच्या कॉलनीत भाड्यानं राहायला आली. काका त्यांना गाठायचे. "मांडू बघितलं? नाही, खाल्लं का?" असं विचारायचे. एक इंजिनियर जोडपं आलं, मग त्यांचे मित्र आले. हळूहळू दर रविवारी कुणी ना कुणी यायला लागलं. बसमधून नेणं-आणणं, केसरबाईला आधी निरोप पोचवणं, किती माणसं, किती पीठ, माणशी किती पैसे, हे सगळं बाबा बघत. आणि जेवताना बोलायचेही तेच. काका फक्त प्रश्न विचारायचे.

एका रविवारी एक जीप भरून साहेबलोक आले. स्वतःच्या बाटल्या घेऊन आले होते. एकानं अंगणात पाय टाकताच केसरबाईला "ए, ग्लास ला!" म्हणून हाक मारली. दुसरा सुकत घातलेल्या मोहाच्या फुलांवरून बूट घालून चालत गेला. काका मध्ये येऊन उभे राहिले.

"आज खाना नहीं है. चूल्हा नहीं जला."

"तो वो धुआँ?" जीपवाल्यानं त्यांच्या मागे बोट दाखवलं. तिथं गोवऱ्या चांगल्या धुमसत होत्या.

"वो कोहरा है," काका म्हणाले. चैत्रातली भर दुपार, आणि म्हणे धुकं.

जीप गेली. केसरबाई पोट धरधरून हसली. पण बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी काकांना पहिल्यांदाच सुनावलं. "काका, तुम्हाला घर आहे, मुलगा आहे. मिल गेल्यापासून मला ही एक गोष्ट जमायला लागली होती. ह्या लोकांनी चार ठिकाणी सांगितलं तर कोण येणार?"

"केसरबाईच्या अंगणात बूट घालून..."

"ते चूकच होतं. मी सांगितलं असतं त्यांना बूट काढायला. ऐकलं असतं. तुम्ही मला सांगूच दिलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शर्टाला इस्त्री करून बाहेर पडले आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर ते पिथमपूरच्या कारखान्यांबाहेर चहाच्या टपऱ्यांवर बसत होते, हे आम्हाला नंतर कळलं. साहेबांकडे ते गेलेच नाहीत. नव्यानं कामाला लागलेल्या तरुणांना ते गाठत होते. "बेटा, इतवार को क्या खाते हो?" कुणी केरळचा, कुणी बंगालचा, कुणी ओडिशाचा. सगळे मेसच्या जेवणाला कंटाळलेले.

पुढच्या रविवारी अर्धी बस त्या मुलांनी भरली होती. केरळच्या एकाला केसरबाईनं सकाळी उतरवलेली ताजी ताडी दिली. त्यानं एक घोट घेतला आणि आपल्या भाषेत भडाभडा बोलत सुटला. कुणालाच काही कळलं नाही. "बोलू दे, बोलू दे," काका म्हणत होते. ती मुलं पुढे आपापल्या सोबत्यांना घेऊन आली. निघताना काका बाबांना म्हणाले, "पुढच्या वेळी बुटांचं तुम्ही सांगा. मी मध्ये पडणार नाही." बाबांनी मान डोलावली. त्या दोघांतली माफी एवढीच.

बाबांनी पुढे एक जुनी मॅटाडोर घेतली आणि उतारवयात गाडी चालवायला शिकले. ते वळणावर इतक्या जोरात हॉर्न वाजवायचे की घाटातली माकडं त्यांना ओळखायला लागली होती. मी भोपाळला नोकरीला लागले. सुट्टीत आले की आई तक्रार करायची, "ह्यांच्या तोंडाला आता कुलूप लावावं लागेल." सांगताना तिचा चेहरा मात्र फुललेला असायचा.

अशाच एका सुट्टीत, दुपारी, आम्ही मागच्या खोलीत पत्ते खेळत होतो. बाबांनी अचानक पान हातातच ठेवून नाक वर केलं, आणि काही न बोलता धावत सुटले. मी मागोमाग गेले. काका त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभे होते, हातात काड्यापेटी. शेगडीची नळी सुटली होती. बाबांनी पेटी हिसकावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. काका खुर्चीत बसले.

"मी काडी काढली होती," ते म्हणाले. एवढंच.

पुण्याहून काकांचा मुलगा आला. सज्जन माणूस, वडिलांसारखाच उंच. तो त्यांना न्यायला आला होता. "बाबा, आता ऐका माझं. चला," तो काकांना म्हणाला.

"पुण्यात गॅस नसतो?"

"आम्ही असतो ना!"

"दिवसभर?"

मुलगा आणि सून दोघंही नोकरी करत होते. काकांनी त्याचा हात हातात घेतला. "मी मांडूला राहतो. केसरबाईच्या शेजारची खोली रिकामी आहे. तिथं लाकडाची चूल. गॅसचा वास येत नाही मला, पण धुरानं डोळे चुरचुरतात. माझे डोळे ठणठणीत आहेत. मी तिथं मरणार नाही."

"बाबा, तिथं धड दवाखाना नाही!"

"इथं होता, तरी मी काडी काढलीच होती."

मुलगा दोन दिवस रागावून होता. तिसऱ्या दिवशी बाबांनीच त्याला गाडीत घातलं आणि खोली दाखवायला नेलं. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. येताना मुलाच्या मांडीवर सीताफळांची पाटी होती आणि तो म्हणाला, "खोलीला पत्रा नवीन घालून देतो. पाऊस लागतो तिथं." घर त्यानं विकलं नाही. आम्हालाच सांभाळायला सांगितलं.

काका मांडूत रमले म्हणणं थोडं होईल. ते तिथं भांडायचे, पाहुण्यांना उलटसुलट प्रश्न विचारायचे, केसरबाईच्या सुनेच्या डाळीला नावं ठेवायचे आणि तिच्याकडून शिव्या खायचे. वजन वाढलं. रंग रापला. मुलगा दर दिवाळीला बायकामुलांसह तिकडेच यायला लागला.

मी त्यांना शेवटचं भेटले ते माझ्या लग्नानंतरच्या वर्षी, नवऱ्याला दाखवायला घेऊन गेले तेव्हा. उतरणीवर घसरून काकांचा पाय मोडला होता. अंगणात खाटेवर, प्लास्टर पुढे करून, ते राजासारखे बसले होते. माझ्या नवऱ्याला त्यांनी ताबडतोब महुआ हुंगायला लावला. तो बिचारा दोन वाक्यांत थकला. "चालेल," काका मला म्हणाले. "होतकरू आहे."

मी म्हटलं, "काका, हाड नीट बसेपर्यंत तरी इंदूरला चला. बाबा गाडी घेऊन येतील. आई आहे."

ते काही बोलणार तेवढ्यात डोंगराखालच्या पाड्यावरून चार-पाच बाया आल्या. कुणाच्या तरी मुलाचं लग्न होतं. हातात हळदीचे तांदूळ घेऊन त्या घरोघर बोलावणं करत होत्या. केसरबाईच्या हातावर तांदूळ ठेवले, सुनेच्या हातावर ठेवले. मग त्यांतली एक म्हातारी काकांपाशी थांबली. नवखी असावी. तिनं केसरबाईला विचारलं, "यो कुणका घर को?"

"म्हारा घर को," केसरबाई पीठ मळता मळता म्हणाली. मान वर न करता.

म्हातारीनं काकांच्या तळहातावर तांदूळ ठेवले आणि पुढच्या घराकडे गेली. काका त्या तांदळांकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होते. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं काही ना काही असायचंच. या वेळी तांदूळ त्यांनी शर्टाच्या खिशात घातले आणि वरून खिसा दाबला.

"काका, मग येताय ना इंदूरला?"

"आता कसा येऊ? बोलावणं ऐकलंस ना." ते खाटेवर सरळ झाले. "तुम्ही निघा बरं. मला लग्नाला जायचंय."

"या पायानं? पाडा कुठं खाली, दरीत!"

त्यांनी हाक मारली. केसरबाईचा मुलगा आणि आणखी तिघं जण आले, काका बसलेले असतानाच त्यांनी खाट चारी पायांना धरून उचलली आणि खांद्यावर घेतली. खालून ढोल वाजायला लागला होता. पायवाटेवरून खाट हिंदकळत उतरायला लागली. मोडका पाय पुढे, एक हात खिशावर, दुसरा हात हवेत. आम्ही अंगणाच्या कडेला उभे राहून बघत होतो. ती झाडीआड दिसेनाशी झाली तरी त्यांचा आवाज येतच होता.

"डावीकडून रे, डावीकडून! सावकाश! अरे, मी वऱ्हाडी आहे, गोणी नाही!"